बाबांना चालतं करणारा कॉम्प्युटर

कोथरूड, पुणे
३ फेब्रुवारी २००२

आदरणीय जयसिंगदादास,

शालूचा सविनय जयभीम. तुझा रक्तदाब, वहिनींचं पित्त आणि नांदेडचं पाणी या तिन्हींची चौकशी आईने तीनतीनदा करायला सांगितली आहे. मी एकदाच करते, तू उत्तरं तीनदा पाठव. इकडे सगळे ठीक. पायलची बारावीची परीक्षा जवळ आली आहे, म्हणजे ती सोडून घरातले सगळे काळजीत आहेत. आई ठणठणीत. सोळा मार्चला तिला सत्तर पूर्ण होतील, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. (फोनवर बोलता येत नाही. फोन आईच्या पलंगाशी आहे आणि तिचे कान अजून पंचविशीतले आहेत.)

बाबांचा तो एकच फोटो तुला माहीत आहे. कंडक्टरचा युनिफॉर्म, हात खाली, स्टुडिओतल्या पडद्यापुढे उभे. गेल्या वर्षी आई तो पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "हे असे उभे कधी राहिलेच नाहीत गं. बसमध्ये असोत की घरात, सारखे इकडून तिकडे." एवढंच बोलून तिने फोटो भिंतीला लावला आणि भाजी निवडायला बसली. मी मात्र त्या वाक्याशी आठवडाभर अडकून पडले. मग ठरवलं, की वीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरांना आंबा आणि घर काढायला शिकवणाऱ्या बाईने एकदा स्वतःचं काहीतरी काढावं. आईला सत्तरीच्या दिवशी दाखवायची, तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. बाबा स्वारगेटच्या बसमध्ये पुढून मागे तिकिटं देत चालले आहेत. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे एकूण दोन हजार एकशे साठ. सगळी हाताने काढली. बाबांची चाल मला इतकी पाठ आहे, की एकदाही अडले नाही.

अडलं ते कॉम्प्युटरपाशी. घरातल्या जुन्या मशीनमध्ये पहिली शंभर चित्रं घातली, तर त्याने विचार करायला एक दुपार घेतली आणि नकार दिला. तू लिहिलंस, कंपनीचा सीलबंद घे, जोडलेल्या मशीनला मायबाप नसतो. दादा, तू धरणं बांधणाऱ्या खात्यात आहेस, तुला सीलबंद गोष्टींचं प्रेम असणारच. पण मला हवं तसं मशीन सीलबंद मिळत नव्हतं. ते जोडूनच घ्यावं लागतं. प्रोसेसर सर्वांत वेगवान, रॅम लोक घेतात त्याच्या चौपट, हार्ड डिस्क दोन, आणि चित्रांसाठी वेगळं कार्ड. मंडईमागे श्यामसुंदर नावाचे गृहस्थ ही मशीनं जोडून देतात. पन्नाशीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. मी यादी वाचून दाखवली तेव्हा चष्म्यावरून बघून म्हणाले, "बाई, रॉकेट सोडणार आहात का?" म्हटलं, वडिलांना चालवणार आहे. त्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. (विचारलं असतं तर बरं झालं असतं, सांगायची फार इच्छा होती.) मी समोर स्टुलावर बसून एकेक भाग जोडताना पाहिला, आणि दोन स्क्रू स्वतः पिळले. आता मला मदरबोर्ड आणि मटार यांतला फरक खात्रीने कळतो.

मशीन घरी आलं आणि मी एकच चूक केली. आईला सांगितलं, हे फार नाजूक आहे, धूळ लागता कामा नये. फिल्मचं तिला सांगायचं नव्हतं, म्हणून "शाळेचं काम आहे" म्हणाले. तुला आई माहीत आहे. शाळेचं म्हटल्यावर तिला ते बाबासाहेबांच्या पुस्तकांइतकंच जपावंसं वाटलं. दोन दिवसांत तिने जुन्या लुगड्यांची तीन पदरी गोधडी शिवून त्याला अंगरखा केला. पुढे बटणासाठी भोक, बाजूला नाडी. इतका नीट बसला होता, की मलाच भरून आलं.

मग रेंडर सुरू केलं. रेंडर म्हणजे सगळी चित्रं, बसचा आवाज, खिडकीतला उजेड हे सगळं मशीनने एकत्र शिजवून त्याची फिल्म करणं. याला अकरा तास लागतात आणि मध्ये बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. ते चाळिसाव्या मिनिटाला बंद पडलं. दुसऱ्या दिवशी पस्तिसाव्या. श्यामसुंदर आले, दोन तास चालवून पाहिलं, मशीन गाण्यासारखं चाललं. ते गेले, मशीन बंद. पुन्हा आले, रॅम बदलली. उत्तम चाललं. गेले, बंद. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बाई, याला काही झालेलं नाही. तुम्हाला काही झालंय का?" मला खरंच वाटू लागलं, की ते मशीन मला ओळखतं आणि माझ्यावर त्याचा विश्वास नाही. वीस वर्षं आंबे काढलेल्या बाईला अशा शंका लवकर येतात.

चौथ्या वेळी ते न कळवता आले, आणि उलगडा झाला. एरवी ते येणार म्हटलं की आई आधी अंगरखा काढून ठेवायची (परक्या माणसापुढे जुनं लुगडं कशाला, म्हणून). त्या दिवशी तो मशीनच्या अंगावर होता आणि वर एक झाकलेलं पातेलं होतं. थंडीत दही लागत नाही, इथे दोन तासांत लागतं, हे आईने पंधरा दिवसांपूर्वीच शोधून काढलं होतं. श्यामसुंदरांनी झाकण उचलून आत पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, आत मी तीन पंखे बसवलेत, ते थंड राहावं म्हणून."

आई म्हणाली, "अहो, मग एवढं गरम का होतं? ऊब वाया जात होती, मी लावलं कामाला."

त्यांनी दोन वाट्या दही खाल्लं. घट्ट आहे म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेला हा एकमेव चांगला शब्द.

तेव्हापासून मशीन उघड्या अंगाने चालतं आहे. परवा, पायल क्लासला आणि आई विहारात गेलेली असताना, रेंडर पूर्ण झालं. दादा, बाबा चालतात. खांद्याला तिकिटांची पेटी, एक हात वरच्या दांडीला, बस वळली की किंचित झुकतात. मी एकटीने तीनदा पाहिली. आपल्या घरात कोणीतरी काहीतरी नवं करून दाखवलं, असं पहिल्यांदा स्वतःबद्दल वाटलं. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
शालू

ता. क. : गॅरंटी कार्ड तुझ्या समाधानासाठी पूर्ण वाचलं. धूळ, पाणी, उंदीर, वीज सगळं आहे. दह्याचा उल्लेख नाही.

ता. क. दुसरा : वरचं पत्र काल लिहिलं होतं. संध्याकाळी फिल्म पायलला दाखवली. ती म्हणाली, "आई, जयसिंगमामाने कंडक्टरचा ड्रेस कधी घातला?" मी परत पाहिली. खरंच तू आहेस. डावा खांदा पुढे, पाऊल टाकायच्या आधी मान खाली. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर घरात चालणारा माणूस तूच होतास. मला बाबांची चाल पाठ आहे असं इतकी वर्षं वाटत होतं, ती तुझी होती. आई एका नजरेत ओळखेल. काही बोलणार नाही, आणि ते मला चालणार नाही. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल. दोन दिवसांची रजा काढून ये. आईला सांग, डोळे तपासायला आलोय. ती विहारात गेली, की आमच्या हॉलमध्ये दारापासून खिडकीपर्यंत बाबांसारखा चालून दाखव. मी खाली बसून काढते.