पाच का सहा

अप्पा, उद्यापासून मी गोल्फला जाणार नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय सोडवत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची परवानगी घ्यायची सवय काही जात नाही बघा. तसं कारण साधं आहे. काठ्यांच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर जिथे बसतो तिथली नस दबलीय. सकाळी उठलं की बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. डॉक्टर म्हणाले, "खेळायला हरकत नाही, पण हे ओझं बंद करा. चौदा काठ्या कशाला लागतात तुम्हाला? निम्म्या घरी ठेवा." तुमच्याबरोबर खेळणारे सुभेदारकाका तर कधीचे मागे लागलेत. वय झालंय, दिसतं कमी, पण तोंडाचा पट्टा अजून तस्साच. दर रविवारी माझी पिशवी बघितली की म्हणतात, "पोरी, लढाईला निघालीस का? तुझ्या-माझ्यासारख्याला सात म्हणजे डोक्यावरून पाणी." मी हसते आणि पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेते. काय सांगणार त्यांना? त्यांचं बरोबर आहे, हे मला त्यांच्याही आधीपासून माहीत आहे.

मला आठवतो तो काठ्यांचा संच घरी आला तो दिवस. तुमच्या सातपूरच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला परदेशातून इंजिनिअर आला होता. काम संपवून जाताना त्याने आपला जुना संच तुमच्या स्वाधीन केला, कारण मशीनच्या पायाभरणीत तुम्ही त्याच्याबरोबर रात्रंदिवस राबला होतात. दुसऱ्या कुणी तो माळ्यावर टाकला असता. तुम्ही टूलरूमचे माणूस. हत्यार घरात आलं आणि वापरलं नाही, हे तुमच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. मी एकदा स्क्रू ड्रायव्हरने डालड्याच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं, तर तुम्ही माझ्याशी दिवसभर बोलला नव्हतात. "ज्या कामाला जे हत्यार," एवढंच म्हणालात, तेही आईकडे बघून. मग तुम्ही गॅलरीत प्लायवूडचा बोर्ड ठोकला आणि टूलरूममध्ये असतात तशा त्याच्यावर पांढऱ्या रंगाने प्रत्येक काठीची आकृती काढली. काठी काढली की तिची रिकामी आकृती दिसणार, म्हणजे काय बाहेर आहे ते एका नजरेत कळणार. शेजारचे बघायला यायचे. त्यांना वाटायचं काही पूजेचं आहे.

लष्कराच्या कँपातल्या गोल्फच्या मैदानावर तेव्हा सिव्हिलियन लोकांनाही सभासद करून घेत. तुम्ही गेलात, नियमांचं पुस्तक आणलंत, शब्दकोश घेऊन वाचलंत. जास्तीत जास्त चौदा नेता येतात असं त्यात लिहिलेलं. झालं! मुभा आहे म्हणजे न्यायच्याच. रविवारी सकाळी स्कूटरवर पुढे ती पिशवी उभी, मागे तुम्ही, आणि नाशिक रोडच्या सिग्नलला कोणीतरी हमखास विचारणार, "काका, बँडवाले का?" आई निफाडकडची, तिच्या जिभेला कुठलं हाड. ओट्याशी भाकरी थापता थापता म्हणायची, "लोकं एका काठीवर म्हातारपण काढत्यात, ह्यांना चौदा लागत्यात!" नाहीतर म्हणायची, "रामानं चौदा वर्सं वनवास काढला त्यो हितंच, पंचवटीत. तुमचा वनवास दर आयतवारी. लय पुण्य लागतंय गाठीला." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत पिशवीच्या चेनला तेल लावत बसायचात.

मग मी परत आले. म्हणजे तुम्ही मला आणलंत. सासरच्या दारात रिक्षा उभी केलीत, माझी ट्रंक स्वतः उचललीत आणि "चल" म्हणालात. मला विचारलं नाहीत. ते स्थळ ठरवतानाही विचारलं नव्हतंत. डिप्लोमाला नाव घातलंत तेव्हाही नाही. तुमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती, अप्पा. तुम्ही ठरवायचं आणि आम्ही ताट-पाट मांडायचे. राग होता माझा, खूप होता. तरी त्या दिवशी रिक्षात मी तुमच्या दंडाला धरून बसले होते, हेही खरं. घरी आल्यावर मी उठायचे नाही, जेवायचे नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई डोक्याशी बसून मला सोडून बाकी सगळ्यांना शिव्या द्यायची.  एका रविवारी तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "चप्पल घाल. चालायला चल." मला वाटलं पिशवी उचलायला नेताय. पण पिशवी तुम्ही कुणालाच उचलू द्यायचा नाहीत. बाकीचे लोक उचलायला माणूस घ्यायचे, तुम्ही म्हणायचात, "माझं हत्यार माझ्या खांद्यावर." ढकलगाडी घेणाऱ्यांना तर तुम्ही भाजीवाले म्हणायचात.

मी नुसती चालत होते. गवत वाळलेलं, थंडीचे दिवस, लांबून तोफांच्या सरावाचा धप्प-धप्प आवाज. तुमचा चेंडू एका बाभळीच्या अलीकडे थांबलेला. तुम्ही पिशवी टेकवलीत, चेंडू जिथे न्यायचा त्या झेंड्याकडे बघितलंत, परत पिशवीकडे बघितलंत. आणि मग माझ्याकडे बघून म्हणालात, "पाच का सहा?"

मला आधी कळलंच नाही कुणाला विचारताय. मागे वळून बघितलं मी. "तुलाच विचारतोय. पाच नंबरच्या काठीने मारू का सहाच्या? काय म्हणतेस?" मी म्हणाले, "सहा." तुम्ही मान हलवलीत, "बरोबर," म्हणालात आणि सहा नंबर काढलीत. चेंडू कुठे गेला ते मला आठवत नाही. बहुतेक वाळूच्या खड्ड्यात गेला असेल, तुमचे निम्मे तिथेच जायचे. पण त्यानंतर प्रत्येक रविवारी, प्रत्येक चेंडूपाशी तुम्ही थांबायचात आणि विचारायचात. सात का आठ? पाच का सहा? कधी उत्तर द्यायच्या आधी मी मुद्दाम वेळ लावायचे, उगाच वारा बघितल्यासारखं करायचे. तुम्ही थांबायचात. मागचे खेळाडू ओरडायचे, "ओ फोरमन, अहो मारा की!" तरी थांबायचात. पुढे मला खेळायलाही शिकवलंत, तुमच्याच काठ्यांनी. नवऱ्याच्या घरी मला भाजीत मीठ किती घालायचं एवढंही ठरवू दिलं नव्हतं कुणी. आणि तुम्ही, ज्यांनी जन्मात कुणाचा सल्ला घेतला नाही, ते माझ्या तोंडाकडे बघत उभे.

मग तुमचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले चाला, पण ओझं नको. पिशवी मी घेते म्हटलं तर तुम्ही पट्टा माझ्या हातातून काढून घेतलात. शनिवारी संध्याकाळी तुम्ही बोर्डापुढे उभे राहिलात आणि निवड केलीत. लांब पल्ल्याची एक, पाच, सात, नऊ, उचलून मारायच्या दोन आणि शेवटी ढकलायची. सात. बाकीच्या बोर्डावरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी तुमचा खेळ चक्क सुधारला! तुम्ही बाकावर बसून इतके हसलात की सुभेदारकाका पाणी घेऊन धावले. "अहो सुभेदार, गंमत बघा माझी," तुम्ही म्हणालात. "मोठ्या खेळाडूचं ठीक आहे, त्याच्या पाच आणि सहाच्या पल्ल्यात नेमका दहा-बारा पावलांचा फरक पडतो. माझ्या एकाच काठीच्या दोन फटक्यांत त्याच्यापेक्षा जास्त फरक! इतकी वर्षं मी नुसती हमाली केली की हो." मीही हसले. पोट दुखेपर्यंत हसले. पण पुढच्या चेंडूपाशी तुम्ही पिशवीत हात घातलात, पाच नंबर काढलीत आणि मारलीत. विचारायला सहा नंबर होतीच कुठे? ती घरी बोर्डावर. त्या दिवसापासून तुम्ही मला काही विचारलं नाहीत. तुमच्या लक्षातही आलं नसेल. मी कशाला सांगू? श्वास लागत होता तुम्हाला, तुम्ही चालताय हेच खूप होतं.

थंडी सरता सरता एका शनिवारी मी कामावरून आले तर गॅलरीत सगळ्या काठ्या आपापल्या आकृतीत. एकही जागा रिकामी नाही. मला बरं वाटलं हो, खरंच बरं वाटलं. म्हटलं, "वा अप्पा, आज सगळं जागेवर! उद्या सुट्टी वाटतं?" तुम्ही खुर्चीत बसला होतात. म्हणालात, "हो. पाळी सुटली." टूलरूममध्ये पाळी संपली की हत्यारांचा बोर्ड भरल्याशिवाय कुणाला घरी सोडायचे नाहीत, हे मला लहानपणापासून पाठ होतं. तरी कळलं नाही. आईला कळलं. तिने त्या दिवशी काठ्यांवरून एकही शब्द काढला नाही, नुसती तुमच्या शेजारी स्टूल घेऊन बसून राहिली. पुढच्या पौर्णिमेला तुम्ही नव्हतात.

त्यानंतर मी चौदा उचलल्या. सगळ्या. लोकांना वाटलं बापाची हौस पुरवतेय. कुणी म्हणालं हट्ट, बापावर गेलीय. मी चेंडूपाशी थांबायचे, पिशवी टेकवायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, पाच का सहा? उत्तर यायचं नाही, तेवढं काही मला वेड लागलेलं नाही. पण तो प्रश्न तिथे असायचा. दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी असल्या की प्रश्न असतो. आता डॉक्टरांचं ऐकून गेल्या रविवारी सात घेऊन गेले. तुमच्याच सात. हलकं वाटलं, खांदा दुखला नाही, आणि अप्पा, खेळ इतका छान झाला की सुभेदारकाका टाळ्या वाजवत होते. बाभळीपाशी आले. ती बाभूळ आता नाही, खुंट आहे. चेंडू तिथेच थांबलेला. मी पाच नंबर काढली, आणि मला रडूच फुटलं. भर मैदानात, मागे चार माणसं खोळंबलेली, आणि मी खाली बसून लहान पोरीसारखी रडतेय. सुभेदारकाका आले, बाजूला बसले, मागच्यांना पुढे जायची खूण केली. मग म्हणाले, "चौदा नको, सात नको. तू घरी जा बेटा." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "रडली ना? बरं झालं. ह्यांच्या माघारी तू रडलीच नव्हती." आणि माझ्या हाताला तेल लावत बसली. 

तेव्हा ठरवलं. सात घेऊन खेळता येतं, पण मला खेळायचंच नव्हतं कधी. उन्हात चालायचं, चेंडू हरवायचा, परत शोधायचा, मला त्यात काडीचा रस नव्हता आणि नाही. हे मी कुणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. लिहून झालं की फाडून टाकेन. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही विचारायचात तेव्हा मला अंतर कळायचं नाही, वारा कळायचा नाही, पाचमधलं आणि सहामधलं काही म्हणता काही कळायचं नाही. मी फक्त तुमचा हात कुठल्या काठीवर टेकलाय ते बघायचे आणि तो आकडा सांगायचे. तुम्ही "बरोबर" म्हणायचात. मला त्या वर्षांत दुसरं कुणीच बरोबर म्हणत नव्हतं, अप्पा.