मेनूतून गाळलेली वाडी

महाड, बुधवार, २००६. संध्याकाळ.

आज स्वतःचंच तोंड बघू नये असं झालंय.

आमचे मालक रफिकभाई, त्यांच्या मुंबईच्या गाड्यांसाठी बुकिंगची वेबसाइट करतोय. डावीकडे मेनूची पट्टी, तिच्यात एकाखाली एक थांबे: दासगाव, महाड, पोलादपूर, उमरठ. नावावर क्लिक केलं की गाडीची वेळ दिसते. आमच्या वाडीलाही गाडी थांबते, पण ती मी घातलीच नाही. पट्टी लांबते, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं. ऑफिसात मी पोलादपूरचा म्हणून सांगतो. वाडीचं नाव तोंडातून निघत नाही. का? कसली लाज?

आज बाबा बाजाराला आले ते सरळ ऑफिसातच. कौतुकाने खुर्ची ओढली, कंप्युटरच्या काचेवर बोट टेकवून एकेक नाव वाचलं. बोट खालपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली.

"आपली वाडी नाय रे?" म्हणत त्यांनी वाडीचं नाव मोठ्याने घेतलं.

रफिकभाईंनी मान वर केली. "अरे, तिथं तर गाडी थांबते. राहिली कशी?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "मीच सांगितला व्हता त्याला, नको घालू. आमच्याकडं कोण कंप्युटर बघतंय?"

ही मेनूची भानगड त्यांना आजवर ठाऊकसुद्धा नव्हती.

ते गेल्यावर वाडीचं नाव घातलं, उमरठच्या खाली. काचेवर त्यांच्या बोटाचा डाग होता, तिथंच.

पट्टी जराही लांब दिसत नाही.