नमद्याची चकती

रेणापूर, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

आज लिहायला उशीर झाला, माफी असावी. मोटार निघेपर्यंत या वहीकडे बघायला सवड नव्हती.

आमच्या हिचं पोट सकाळपासून दुखतंय. लातूरच्या दवाखान्यात न्यायचं, आणि आमच्या जुन्या मोटारीचं तेल डिस्ट्रीब्यूटरच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, बुडातून गळत होतं. गळती थांबवायला तिथं मी बसवलेली चामड्याची चकती फाटली. वाटेत तेल संपलं तर? इंजिनाखाली पत्रावळ ठेवली, ती लगेच काळी झाली.

सून सरजा म्हणाली, "मामा, घोडीचा नमदा द्या. जाड लोकर हाय, तेल धरून बसंल."

"खोगिराखालचा? त्याला हात लावायचा न्हाई."

"मेलेली घोडी मागायला येणार हाय व्हय?"

एवढ्या दुखण्यात हिलाही हसू आलं. मग दिला. सरजानं चकती कापली, तेलात भिजवली, आमच्या लेकानं, माणिकनं, आवळून बसवली. इंजिन चालू ठेवून नवी पत्रावळ ठेवली. थेंब नाही! काय डोकं पोरीचं! मला का सुचलं नाही?

तिघं गेली. पत्रावळ अंगणातच आहे, दोनदा उचलून पाहिली. कोरडी. पण डॉक्टर काय म्हणाले असतील? सरजा, पोरी, कुणाच्याही हाती लवकर खबर धाड.