माशांच्या टाकीची जागा

मिस्त्री, उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, कागद समोर आला की हात जड होतो. आणि सांगायची गोष्टही बरी नव्हती, म्हणून राहिलं.

निमित्त माशांचं आहे. नातीनं उन्हाळ्याच्या तोंडाला काचेच्या भांड्यात दोन मासे आणले. उजेड पाहिजे म्हणून मीच ते खिडकीत ठेवायला लावले. दुपारच्या उन्हानं पाणी तापलं आणि दोन्ही मेले. पोरगी रडली नाही. नुसती म्हणाली, "आता आजोबांना इचारू नका." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. गेल्या आठवड्यात तिच्या बापानं मोठी टाकी आणली. सून म्हणाली, "टीव्हीवर ठेवूया, आल्यागेल्याला दिसंल." मी म्हटलं, टीव्ही तापतो, पाणी सांडलं तर काय? नात माझ्याकडं बघत म्हणाली, "मग तुमीच सांगा. पण ह्या खेपंला नीट बघून."

तेव्हा तुम्ही आठवलात. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यात नवा लेथ येणार असला की तुम्ही त्या जागेवर आधी पोतं टाकून बसायचात, पुढ्यात पाण्यानं भरलेली ताटली. ऊन कुठून येतं, जमीन कधी हादरते, येणाऱ्याचा धक्का कुठं लागतो, सगळं बघायचात. पोरं विचारायची, "मिस्त्री, अंडी उबवताय व्हय?" तुम्ही म्हणायचात, "मशीन तोंडानं सांगणार हाय व्हय, मला हितं बरं वाटंना म्हणून? आधी आपण बसायचं."

मीही बसलो. स्वयंपाकघराच्या दाराशी फोडणीचा धूर थेट अंगावर आला आणि सून दोनदा अडखळली. "मामंजी, चुलीवरच बसा की आता!" मग आतला कोपरा धरला. सावली होती, वर्दळ नव्हती, जागा पसंत पडली. पण अकरा वाजता भिंतीपलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली आणि ताटलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठायला लागली. नात बघत होती. "आजोबा, पाणी भ्यालं की." शेवटी माझी खुर्ची असते तीच जागा उरली. दुसऱ्या दिवशी तिथं बसलो. दिवसभर ऊन आलं नाही, पाणी हललं नाही. टाकी तिथं टेबलावर ठेवली, तीन मासे सोडले. खुर्ची आता गिरणीच्या भिंतीला आहे. पीठ दळायला लागलं की माझी पाठ थरथरते.

आता खरी गोष्ट. तुम्ही तापानं फणफणला होता, तेव्हा नव्या लेथच्या जागेवर बसायला मला पाठवलंत. मी चाळिशी ओलांडलेली, नवखा नव्हतो. पोरं हसतील म्हणून बसलो नाही. चहाच्या गाड्यावर वेळ काढला आणि येऊन सांगितलं, "बसलो, मिस्त्री. जागा झ्याक हाय." लेथ तिथंच बसवला. मागच्या शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस जेवणाच्या सुट्टीनंतरच चालायचा. रोज दुपारी लेथ हादरायचा, माल खराब निघायचा. मालक ओरडले तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. तुम्ही म्हणालात, "जागा मी ठरवली. चूक माझी." अंगात ताप असताना तुम्ही पाया फोडून तो लेथ हलवलात. मी पहार धरली आणि तोंड उघडलं नाही. तुम्हीही काही विचारलं नाही. पण त्या दिवशी ताटली फळीवर कोरडीच पडली होती, धूळ बसलेली. ती तुम्ही बघितली असणार.

मी बसलो नव्हतो, मिस्त्री.

हा कागद टाकायचा कुठं? टाकीच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली घडी करून घालतो. मासे आज पाचव्या दिवशी नीट आहेत. नात शाळेतून आली की आधी त्यांना बघते, मग मला. जागा चुकली असेल तर मात्र लवकर कळवा.