त्या दिवसाची हजेरी

प्रिय राजा,

टीव्हीवर तुला पाहिलं. लांबलचक टेबलामागे बसला होतास, पुढ्यात देशाच्या नावाची पाटी आणि पाण्याचा पेला. वाळलायस. कोट खांद्यावरून लोंबत होता. अर्धी कॉलनी आपल्याकडे गोळा झाली होती. शेजारीण तर स्वतःची खुर्ची घेऊन आली आणि म्हणाली, काकू, आवाज वाढवा, आपला पोरगा जगाशी बोलतोय. मी वाढवला.

बोललास छान, कुठे अडखळला नाहीस. मला सगळंच कळलं असं नाही. मी वाचायला शिकले ती तुझ्याच शाळेच्या पुस्तकांवर, तू खेळायला गेलास की. पुढे पेपर, मग वाचनालयातलं हाताला लागेल ते. तुझ्या भाषणातले मोठे शब्दही मी दुसऱ्या दिवशी पेपर समोर ठेवून लावले. मला लागलेला अर्थ असा: आपल्या अणुप्रकल्पातल्या एका कोठाराचं सील मागे कधीतरी एका दिवशी तोडलं गेलं. तिथला कॅमेराही नेमका त्याच दिवशी बंद होता. आतून काय बाहेर गेलं, असं बाहेरदेशीचे तपासनीस विचारतायत. आणि सरकारच्या वतीने तू सांगितलंस की काहीही गेलेलं नाही, एका दिवंगत तंत्रज्ञाकडून दुरुस्ती करताना अनवधानाने सीलची तार कापली गेली आणि भीतीपोटी त्याने ते लपवलं. तारीखही सांगितलीस. त्याआधी पाण्याचा एक घोट घेतलास. घसा कोरडा पडला असेल, असं मी धरून चालते.

नाव घेतलं नाहीस. पण तपासनिसांबरोबर कोठारात जाणारा आणि आता हयात नसलेला तंत्रज्ञ आपल्या कॉलनीत एकच होऊन गेला. शेजारणीने खुर्ची उचलली, "येते हं काकू" एवढंच म्हणाली. रात्री तुझ्या आत्याचा फोन आला. रडत होती. म्हणाली, अगं वहिनी, आमचा दादा एवढा भित्रा कधीपासून झाला? मी म्हटलं, मेल्यापासून.

तुला आठवतं, लहानपणी तू त्यांना विचारायचास, बाबा, एवढ्याशा तारेने कोण अडणार? मी दातांनीसुद्धा तोडीन. ते हसायचे. अडवायला नाहीच रे ती, म्हणायचे, कुणी हात लावला तर कळावं म्हणून आहे. त्यांना ते काम फार आवडायचं. तपासनीस सील लावायचे, हे बाजूला बॅटरी धरून उभे राहायचे, एवढंच. पण त्या दिवशी घरून निघताना बूट पुसून जायचे. दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावायची सवय घरीही तशीच. तुझ्या परीक्षेच्या निकालाचा लिफाफा पोस्टाने आला तेव्हा तू मैदानावर होतास. मी म्हटलं, उघडा की. नाव त्याचं आहे, म्हणाले, आणि तू येईपर्यंत लिफाफ्यासमोर घाम पुसत बसून राहिले.

भाषणानंतर मंत्रालयातून एक साहेब आले, तुझ्याच वयाचे, फळांची पिशवी घेऊन. मला आई म्हणाले. मग पढवलं, कुणी विचारलंच तर एवढंच सांगायचं, शेवटी-शेवटी त्यांचं कामात लक्ष नसायचं, विसरायचे. मी चहा केला. म्हणाले, आई, तिकडच्या सभेत मतदान आपल्या विरोधात गेलं तर निर्बंध येतील, औषधंसुद्धा बंदरात अडकून पडतील. ते खोटं नसेल. मीही गोळ्यांवरच आहे, मला कळतं. पण ज्याने तार कापायला सांगितलं तो कुठेतरी पंख्याखाली बसलेला आहे, आणि त्याच्या वाटचं भित्रेपण आपल्या घरातल्या माणसाच्या नावावर चढलंय. साहेब निघाल्यावर पिशवी तशीच राहिली. आतली केळी काळी पडली तेव्हा टाकली.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू गुडघ्यांचं विचारलंस, बीपीचं विचारलंस, तिकडे थंडी फार आहे म्हणालास. मीही स्वेटर घाल म्हणाले. बाबांचा शब्द तू काढला नाहीस, मी काढला नाही. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण दोघं मिळून त्यांना पुन्हा पोचवून आलो.

आता त्या तारखेचं बोलते. ती कुठली तारीख हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पहिल्यांदा परदेशातल्या नेमणुकीवर तू निघालास, तो दिवस. बाबांची रजा माझ्या ऑपरेशनमध्ये संपली होती आणि वरिष्ठ सोडायला तयार नव्हते. त्यांच्या खात्यात एक पद्धत होती, तू ऐकलेली आहेस: कुणाचं घरी अडलं की दुसऱ्याने त्याचं कार्ड लावून हजेरी भरायची. सगळे एकमेकांसाठी करायचे, बाबांनी मात्र कधी केलं नव्हतं. त्या दिवशी सोबत काम करणाऱ्या चष्मेकाकांच्या हातात कार्ड दिलं आणि आपल्याबरोबर विमानतळावर आले. दिवसभर तिथेच होतो आपण, विमान लांबत चाललं होतं. तुझी जड बॅग काही सोडेनात. आणि तुलाच म्हणाले, आज तुझा बाप एकाच वेळी दोन ठिकाणी आहे. तू केवढा हसलास. जवळच्या बाईने वळून पाहिलं होतं.

मंत्रालयाने रेकॉर्ड काढलं तेव्हा हजेरी होती आणि उत्तर द्यायला माणूस उरला नव्हता. त्यांना दुसरं काय हवं होतं? पण ते भाषण वाचणाऱ्याला तर माहीत होतं. राजा, मला रागवायचं होतं. पेन हातात घेतलं तेव्हा राग होता. लिहिता लिहिता फक्त तू डोळ्यांपुढे येतोस, इतका वाळलेला.

चष्मेकाका येऊन गेले. मी न विचारताच म्हणाले, वहिनी, खुशाल सांगा, कार्ड मी लावलं. पेन्शन बंद केली तर तुमच्याकडे जेवायला येईन, फक्त मीठ बेताने घाला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

तपासनिसांमधल्या एक बाई बाबांना चांगलं ओळखायच्या. घरच्यांना भेटायचंय, अशी परवानगी त्यांनी मागितली आणि सरकारने ती दिली. मी पढवलेलं बोलेन अशी खात्री असेल. गुरुवारी दुपारी त्या दुभाष्याला घेऊन येतायत. तुमचे यजमान त्या दिवशी कुठे होते, असं विचारतील, आणि मी सांगेन, मुलाला विमानतळावर सोडायला. मग त्या म्हणतीलच, म्हणजे हे मुलाला ठाऊक होतं. तिथे मी काय करू? एकाचं खरं सांगायला तोंड उघडलं की दुसऱ्याचं खोटं उघडं पडतं, आणि मला दोघंही माझेच. रोज त्या प्रश्नापर्यंत येते आणि थांबते. फोनवर हे बोलता येणार नाही. तुझ्या फोनवर कोण कोण असतं कुणास ठाऊक, आणि तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा स्वेटरवरच येईन. म्हणून हे पत्र, तुझ्या घरच्या पत्त्यावर. कुरिअरवाला म्हणतो, सोमवारी पोचेल. म्हणजे थोडा वेळ तुझ्या हातात राहतो. त्याच टेबलाशी बसून तू सांग. नोकरी जाईल, आणखी काय जाईल ते मला कळत नाही. पण बाबांचं खरं त्यांच्या मुलाने सांगितलं, असं होईल. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि तुझं विचारलं तर तेही सांगेन. गुरुवारी दुपारपर्यंत मी तुझी वाट बघते. त्यानंतरही बघेनच, पण ती वाट पाहणं वेगळं असेल.

तुझीच, काही झालं तरी,
आई