काहिलीतलं तळं

१३ जून २००१
रिटायर होऊन पंधरवडा झाला. सकाळी भंगारवाला दारात. सौ.ने परस्पर बोलावलेला. गोठ्यामागे पडलेली बाबांची काहील, उसाचा रस कढवायची मोठी कढई, द्यायची म्हणे. ऊस कारखान्याला जायला लागला, आमचं गुऱ्हाळ बंद पडलं, तेव्हापासून ती तिथेच. बुडाला भोक. मी मध्ये पडलो. म्हणालो, तिचं तळं करतो. बेडूक, पाखरं येतील.
सौ. : "डास येतील. गेल्या साली हिवतापानं मी अंथरूण धरलं व्हतं, इसरला का?"
विसरलो नाही. तरी हट्ट धरला. शेवटी भंगारवाल्याला म्हणाली, "दसरा झाल्यावर ये." म्हणजे दसऱ्यापर्यंत स्टे. उभा जन्म घोडेगावच्या कोर्टात बेलीफ म्हणून काढला, लोकांच्या दारी समन्स नेली. आता आपल्याच घरात आरोपी.

१७ जून
परसात खड्डा. कंबर गेली. शेजारचे बबनभाऊ वेल्डिंग करतात, म्हणून भोक दाखवलं. पत्रा पार खंगलाय, वेल्डिंग धरणार नाही म्हणाले. डांबर आणि गोणपाटाचा बोळा बसवून दिला. वर हसले. "राव, एवढ्या मोठ्या कढईत कमळं लावणार का भजी तळणार?"
काहील जमिनीत बरोबर काठापर्यंत बसली. आत ओढ्याची माती, एका बाजूला दगडांची उतरंड. पडलेल्या जिवाला वर येता आलं पाहिजे.

२० जून
पाणी भरलं. पहिले पाहुणे मुंगळे. रांगच्या रांग. काठाच्या सांध्यात इतक्या वर्षांचा गूळ अडकलेला, तो त्यांना बरोबर कळला. मी बेडकांची वाट बघतोय आणि गुऱ्हाळाची जुनी गिऱ्हाइकं हजर.

२४ जून
येडगावला अक्काकडे. थोरली बहीण, धरणाच्या कडेलाच दिलेली. येताना पाण्यातलं गवत आणि पाणकणसाचे दोन गड्डे पिशवीत घातले. "कशाला रं?" म्हणाली. सांगितलं नाही, हसली असती. एसटीत पिशवी गळत होती. कंडक्टर सारखा बघत होता.

२ जुलै
डासांच्या अळ्या. सौ.ने हाताला धरून नेऊन दाखवल्या. तोंडी नोटीस. मी म्हटलं, थांब जरा.

९ जुलै
थांबलो ते बरं झालं. लाल चतुर दिवसभर घिरट्या घालतात. पाण्यात काळी काळी शेपटीवाली बेडकाची पिल्लं, मूठभर बाजरी सांडल्यासारखी. अळ्या शोधून सापडत नाहीत. सौ.ला सांगितलं. "बघू," म्हणाली. तिचं 'बघू' म्हणजे अर्धा विजय.

१५ जुलै
खंड्या! धुण्याच्या दोरीवर बसला, निळा, ऐटबाज. पाण्यात सूर मारला, काहीतरी घेऊन गेला. परत आला. मी खिडकीशी, चहा गार.

१८ जुलै
आज धुणं कुंपणावर वाळत घातलेलं. का, विचारलं. "दोरी सैल झालीया." ओढून पाहिली. ताठ आहे. 

२४ जुलै
काय लिहू.
अक्का पंचमीसाठी कालच माहेरी आली. आज मी पेन्शनच्या कामाला घोडेगावला, सौ. दळणाला गिरणीत. चारला घरी येतो तर परसात काहील लखलखतेय. कोरडी ठणठणीत. अक्का पदर खोचून बसलेली, हातात चिंचेचा कोळ, शेजारी राखेचा ढीग. गवत, माती, सगळं केळीच्या आळ्यात.
"शिवा, बाबांची काहील लई शेवाळली व्हती रं. बघवंना. गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आदी मीच घासायची, दर साली. आई म्हणायची, तुझ्यासारखी कुनी घासत न्हाई."
डांबराचा बोळाही खरवडून काढलेला. डाग वाटला म्हणे. कोपरापर्यंत काळे हात, चेहरा असा खुललेला की मला रागावता येईना. पण ती सगळी पिल्लं. वळून आत आलो.
स्वयंपाकघरात सौ., हातात चहाची गाळणी. समोर पुरणाचं मोठं पातेलं, त्यात पाणी, पाण्यात वळवळ. "गिरणीतनं आले तर निम्मं पानी उपसलेलं. वन्संना काय बोलायचं? गावली तेवढी गोळा केली." मग हळूच, "कुनाला सांगू नका. आन उद्याची पुरनाची दिंडं बारक्या डब्यात शिजवू."
लग्नाला तीस वर्षं झाली. बाई अजून पुरती कळली नाही.

२५ जुलै, नागपंचमी
अक्काला सकाळी पातेलं दाखवलं. आधी डोळ्याला पदर, मग हसू आवरेना. "आदी सांगायचं न्हाई व्हय? मला वाटलं, तुला साफ करायचा कंटाळा."
बोळा बसवू म्हटलं, तर ओढ्याची माती उकरून आणावी लागणार. अक्का आडवी. पंचमीला जमीन उकरायची नाही, चिरायचं नाही, कापायचं नाही. भाजीसुद्धा अख्खी शिजली. पिल्लं पातेल्यात, आम्ही दिंडं खात.
दुपारी गंमत. रिकाम्या काहिलीच्या काठावर दिवड. बेडकांच्या वासावर आली असणार, आत डोकावून बघते तर चकाचक भांडं. अक्काने लगेच लाह्या आणि दूध आणलं, हात जोडले. मी म्हटलं, दिवड आहे, पाण्यातली, नाग नव्हे. "पंचमीला दारात आला त्यो नागोबाच. काहील घासली म्हनून परसन्न झाला." दिवड लाह्यांकडे न बघता निघून गेली.

२६ जुलै
डांबर, बोळा, माती, गवत, सगळं पहिल्यापासून. या खेपेला माती अक्काने आणली. नळाचं कोरं पाणी नको म्हणून जनावरांच्या हौदातलं हिरवं पाणी ओतलं. सौ.ने पातेलं स्वतः पालथं केलं. किती वाचली, देव जाणे. खंड्या नाही.

१९ ऑगस्ट
पाय फुटलेत. नखाएवढे बेडूक दगडांवरून बाहेर. एक चुलीपाशी सापडला. सौ.ने सुपात घेऊन परत नेऊन सोडला, वाटेत त्याला रागावली. खंड्या नाहीच. पाण्यात त्याच्यासाठी आता काय उरलंय?

३० सप्टेंबर
अक्काने पाव्हण्यांबरोबर कमळाचा कंद पाठवला. निरोप : "आता घासनार न्हाई." सौ.ला यंदा ताप नाही. मी तो विषय काढत नाही, उगाच दृष्ट लागायची. पण दसरा जवळ आला. भंगारवाला शब्दाचा पक्का आहे. रोज कॅलेंडर बघतो, या वयात, एका कढईपायी.

२६ ऑक्टोबर, दसरा
अवजारांची पूजा. कोयता, विळा, कुदळ, शिलाई मशीन ओळीने मांडली. सौ.ने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. मग ताट घेऊन परसात गेली. मी मागे गेलो नाही. नंतर जाऊन पाहिलं तर काहिलीच्या काठाला कुंकवाची बोटं, आणि पाण्यावर एक झेंडू तरंगतोय. बेडूक त्याच्याखाली.


२७ ऑक्टोबर
आला. हातगाडी, तीच आरोळी. मी ओटीवर पेपर उघडून बसलो, अक्षर दिसत नव्हतं. सौ. दाराशी गेली. तो म्हणाला, "वैनी, दसरा झाला." तिने परसाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.
"दिवाळी झाल्यावर ये."
म्हणजे निकाल नाही, पुढची तारीख. अशा तारखा ऐकून लोक कपाळाला हात लावताना जन्मभर पाहिले. मला मात्र पेपरच्या आड हसू आवरेना.
धुणं आजही कुंपणावर आहे. दोरी मोकळी.