पांढऱ्या पट्ट्यातली ज्वारी

अकोला, ता. १ जून १९५७

तीर्थस्वरूप गं. भा. रुख्मिणीवहिनी यांस जानरावाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

दादाला जाऊन चार महिने झाले. आता त्या खाऱ्या वावरात बियाणं फुकट घालवू नका. मी शेतकी खात्यात नोकरीला आहे, एवढं मला कळतं. जिथे जमिनीला पांढरा खार फुटतो तिथे कोंब वर येताच जळतो. शेजारचे केशवराव वावर घ्यायला तयार आहेत. वावर आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे, हे विसरू नये.

तरी अन्याय नको म्हणून सुधारित ज्वारीची थैली पाठवतो. पोळ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यात शंभर ताटं हिरवी उभी राहिली, तर मी माझं नाव काढून घेईन. नाही राहिली तर विक्रीच्या कागदावर मुकाट्यानं सही करा.

अक्षय्य तृतीयेला आलो तेव्हा आढ्याला टांगलेली ती खुरटी कणसं बैलांपुढे टाकली. घरात उंदीर कशाला पोसता? राग नसावा.

आपला,
जानराव

तेल्हारा, ता. ८ जून १९५७

चि. जानराव भाऊजींस रीतीप्रमाणे आशीर्वाद.

राग नसावा म्हणता? जीभ आवरून लिहिते आहे. अकरा वर्षं तुमचे दादा सुगीला त्या पट्ट्यात फिरायचे. भोवतालचं सगळं जळालेलं असताना जे ताट कणसावर आलं, त्याचंच कणीस खुडायचे आणि पुढच्या साली तिथेच पेरायचे. पहिल्या साली सात कणसं मिळाली, यंदा दोन टोपल्या. ते म्हणायचे, ज्वारी वाढली की खार सोसते, मरते ती कोंबात. जी कोंबात वाचली तिचीच लेकरं वाढवायची. ती अकरा वर्षं तुम्ही एका दुपारी बैलांना चारलीत. शिकून शहाणे झालात ते हेच का?

अट मला कबूल आहे. तुमची थैली पेरते. वावर गेलं तर मी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाईन, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या सौ. ललिताला आशीर्वाद. तो मात्र मनापासून.

रुख्मिणी

अकोला, ता. १० ऑगस्ट १९५७

ती. वहिनींस शि. सा. नमस्कार.

केशवरावांचं कार्ड आलं. ज्वारी उगवली आणि आठ दिवसांत पिवळी पडून गेली म्हणे. मी सांगितलं तेव्हा तुम्हाला झोंबलं होतं. खाऱ्या जमिनीशी हट्ट चालत नाही, दादाचाही चालला नसता.

पोळ्याला कागद घेऊन येतो. गावापुढे रडारड नको.

जानराव

तेल्हारा, ता. १६ ऑगस्ट १९५७

जानराव भाऊजींस,

केशवरावांनी पेरणीनंतर एकदाच बांधावरून पाहिलं. पायाला चिखल लागू दिला असता तर खरं दिसलं असतं.

तुम्ही कणसं चारलीत, त्यानंतर आठ दिवस तेच बैल त्या पट्ट्यात वखर ओढत होते. जिथे शेण पडलं तिथे न पचलेले दाणे पावसाबरोबर उगवले. तुमच्या थैलीतली ज्वारी ज्या खारात मेली, त्याच खारात ही कमरेएवढी उभी आहे. गावच्या पाटलांना नेऊन मोजवली, एकशे सव्वीस ताटं भरली. ती कोणी पेरायची हे तुमच्या अटीत नव्हतं. कागद आणा, पण नाव काढायचा आणा.

आता साहेबाला दाखवायला बियाणं मागाल. एक दाणा मिळणार नाही. हे लिहिणार नव्हते, पण तुमचं मागचं पत्र वाचून राहवत नाही. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला सांगितलं होतं, की हे बियाणं जानरावले दे, तो शिकेल हाय, त्याले समजन. अक्षय्य तृतीयेला तुम्ही येणार म्हणून मी सकाळीच कणसांवरची धूळ झटकून ठेवली होती. जेवणं झाली की हातात देणार होते. मी चुलीपाशी वाढायला घेत होते आणि तुम्ही गोठ्यात होतात.

अधिक काय लिहू.

रुख्मिणी